लांब पोळी आणि गुरुजी

आमच्या हिंगणघाटाकडच्या खेड्यांत पंगतीला लांब पोळी आली की बाकीच्या पदार्थांचा रुबाब उतरतो. पोळपाट नाही, लाटणं नाही. चुलीवर मडकं पालथं घालायचं, सैल पीठ हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायचं आणि तापल्या मडक्यावर फेकायचं. ज्या बायांना हे साधतं, त्यांची तारीख लोक मंगल कार्यालयाच्या आधी पक्की करतात.

मी जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक. उत्तरपत्रिकेत पट्टी न लावता मारलेली रेघ दिसली की माझा घास अडतो. स्वयंपाकाची हौस आहे, पण तीही पट्टी लावूनच. कणकेचा प्रत्येक गोळा काट्यावर ३५ ग्रॅम, पोळी लाटून झाली की डब्याच्या झाकणानं कडा कापलेल्या. सौभाग्यवती म्हणतात, "तुमचं जेवण परिपाठासारखं आहे. चुकत काही नाही, पण लक्षही लागत नाही."

बिघडण्यासारखं जे काही असेल त्याच्या वाटेलाच मी जात नसे. पुडाच्या वडीचं सारण बाहेर येईल, गोळाभाताचे गोळे फुटतील, पातोडी रश्श्यात विरघळेल. न केलेला पदार्थ कधीच फसत नाही; माझा सगळा लौकिक याच पायावर उभा होता.

परिपाठाचा टोमणा मात्र लागला. उन्हाळ्याच्या सुटीत वही घेऊन शेजारच्या मावशींकडे गेलो. या भागात त्यांच्या हाताची पोळी नावाजलेली.

"मावशी, किलोभर लोकवन गव्हाच्या पिठाला पाणी किती?"

"पीठ मांगते तेवढं."

"मीठ?"

"हाताले समजते."

"मळायचं किती वेळ?"

"तार सुटेवर. आन् थे वही ठेवा तिकडं, पिठात पडन."

'साहित्य' आणि 'प्रमाण' असे दोन रकाने आखून नेले होते. दुसरा अजून कोरा आहे.

विदर्भातला मे महिना, पारा ४५च्या घरात, म्हणून पहाटेच अंगणात चूल पेटवली. इंधन पऱ्हाट्यांचं. कापूस वेचून झाला की उरतात त्या काड्या. भडकतात भराभर आणि विझतातही तशाच. मंद आच, मध्यम आच ही भाषा त्यांना कळत नाही. पीठ परातीत आपटून आपटून मऊ करायचं, म्हणजे गव्हातला चिकटपणा तार धरतो आणि पीठ न तुटता लांबतं. आपटताना ते परातीपेक्षा माझ्या हातावरच्या केसांना जास्त धरत होतं. ओल्या हातानं ओढायचं असतं, हे मावशींनी केस उपटून झाल्यावर सांगितलं.

एव्हाना कुंपणापलीकडे माझेच विद्यार्थी गोळा झाले होते. मी पीठ हातावर घेतलं, लांबवलं आणि दोन्ही कडा सारख्या आहेत का, हे पाहायला थांबलो. तेवढ्यात पीठ कोपरावरून खाली ओघळलं. सावरून फेकलं, तर अर्धी पोळी मडक्यावर आणि अर्धी जाळात. कुंपणापलीकडून आवाज आला, "सुधारणेस वाव आहे!" हा शेरा मीच दर सत्रात त्यांच्या प्रगतीपत्रकावर लिहितो.

"गुरुजी, पिठाले पाहता कायले? टाका न!" मावशी ओरडल्या.

पाहिलं की पीठ ओघळतं, ओघळलं की फाटतं. लांब पोळीत तपासायला जागाच ठेवलेली नाही. माझी इतक्या वर्षांची शिस्त तिथं नुसती आडवी येत होती. पुढं पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांत गेला, काही दिसेना, आणि मी वैतागून हातात होतं ते फेकून दिलं. ते मडक्यावर बरोबर बसलं. एक कड जाड, एक पारदर्शक, मधे दोन भोकं. क्षणात उलटवलं, घडी घालून टोपलीत टाकलं.

"भोकं पडली," मी म्हणालो.

"मंग? रस्सा कुटून शिरन?"

त्या दुपारी सौभाग्यवतींनी वांग्याच्या रश्श्यासोबत ती पोळी खाल्ली आणि काही न बोलता टोपलीतली दुसरी घेतली. पुढच्याच आठवड्यात मी पातोड्या केल्या. निम्म्या विरघळल्या, रस्सा छान दाट झाला. आता पुडाच्या वडीसाठी सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणून ठेवला आहे.

मावशींनी परवा मला एका लग्नाच्या कामाला सोबत नेलं. पोळ्या करायला नाही, चुलीत पऱ्हाट्या सारायला. सगळ्या काड्या मी आधीच एका लांबीच्या तोडून ठेवल्या होत्या. मावशींनी ढिगाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि चूल पेटवायला सांगितली.