मागितलेलं मिळालं नाही, म्हणजे विश्वास कमी पडला?

ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप पुन्हापुन्हा येतो. त्याचा आशय असा: विश्वासानं मागा, मिळणारच, नाही मिळालं तर खोट तुमच्या विश्वासात आहे, देवापुढं गाऱ्हाणं मांडू नका, फक्त स्तुती करा, आणि पाठ केलेली प्रार्थना देव ऐकत नाही.

बाबा कॅन्सरनं गेले, तेव्हा भेटायला आलेल्या एकानं आईला हेच तोंडावर सांगितलं होतं. म्हणून हा निरोप मला नुसता पुसून टाकता येत नाही.

"मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल" हे बायबलच्या मत्तय ७:७ मधलं वचन खरंच आहे. पण दोनच वचनांनंतर येशू बापाचं उदाहरण देतो: मुलानं भाकर मागितली तर कोण दगड देईल? बोलणं बाप आणि लेकराच्या नात्याचं आहे. लूकमध्ये (११:१३) तर याच बोलण्याच्या शेवटी पिता देतो तो पवित्र आत्मा. बरं होण्याची हमी यात कुठून आली?

विश्वासाच्या खोटीसाठी याकोब ५:१५ पुढं केलं जातं: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. त्याआधीचं वचनही वाचा. दुखणाइतानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावं आणि त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असं तिथं लिहिलंय. प्रार्थना करणारे ते आहेत. मग हिशेब अंथरुणावरच्या माणसाकडं, किंवा त्याच्या विधवेकडं, का मागायचा?

मार्क ९ मधला बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि रडत म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला हात द्या. इतका अर्धामुर्धा विश्वास, तरी मुलगा बरा झाला. उलट प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं एक दुखणं, काढावं म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं मागितलं, हा दुःखाचा प्याला माझ्यावरून टळून जावो. तो टळला नाही. त्याचाही विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची तयारी आहे?

गाऱ्हाणं नको म्हणणाऱ्यांनी स्तोत्रसंहिता उघडावी. १५० स्तोत्रांत विलापाची कितीतरी आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत वाचलं जातं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही २२व्या स्तोत्रातलं गाऱ्हाणंच: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्याच्याशी नातं उरलेलं नाही, त्याला असं कुणी विचारत नाही.

राहिली पाठ प्रार्थना. येशूनं पोकळ बडबड नको म्हटलं (मत्तय ६:७), आणि लगेच शिष्यांना प्रभूची प्रार्थना शिकवली. तिच्यात आधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. भाकर त्यानंतर, तीही रोजच्यापुरती. आणि ती "माझी" नाही, "आमची" भाकर आहे.

बाबा गेल्यावर कितीतरी महिने आईला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना जमत नव्हती. रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथं तिचा आवाज थांबायचा. पुढचं बाकावरचे बाकीचे म्हणायचे, आणि "आमेन"ला ती पुन्हा आमच्यात असायची.