घंटा होईपर्यंत थांब

साडेतीनच्या सुमारास दार उघडतं, दप्तर पॅसेजमध्ये पडतं आणि माझी बारा वर्षांची लेक बूट न काढता, माझ्याकडे न बघता थेट बाथरूमकडे पळते. इथे इंग्लंडमध्ये तिची माध्यमिक शाळा सुरू झाली तेव्हा पहिले काही आठवडे मी तिच्यावर चिडायचे, ते बुटांवरून. मग एकदा तिची पाण्याची बाटली धुवायला घेतली, तर ती गळ्यापर्यंत भरलेली. सकाळी मी भरून दिलेलं पाणी तसंच्या तसं परत आलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, "आई, पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि तासाला जाऊ देत नाहीत."

नियम असा आहे की तास चालू असताना टॉयलेटला जायचं नाही. सकाळी एक छोटी सुट्टी आणि दुपारी जेवणाची, त्यातच काय ते उरकायचं. हजारावर मुलं, दोन सुट्ट्या, आणि रांग संपायच्या आत घंटा. तासांच्या वेळी स्वच्छतागृहांना कुलूप असतं. अगदीच नड असेल तर शिक्षक कुणाला तरी बोलावणार, ती व्यक्ती येऊन कुलूप उघडणार, तोवर सगळा वर्ग त्या मुलीकडे बघत बसणार. वैद्यकीय कारण असेल तर पास मिळतो, पण त्यासाठी डॉक्टरांचं पत्र आणा. निरोगी मुलीला लघवी लागते याचं पत्र कुठला डॉक्टर देईल?

ही एकट्या आमच्याच शाळेची गोष्ट असती तर मी लिहायला बसले नसते. 2023 च्या फेब्रुवारीत कॉर्नवॉलपासून यॉर्कशरपर्यंत अनेक शाळांमधली मुलं याच नियमाविरुद्ध वर्ग सोडून मैदानात जमली होती. टिकटॉकवरचे व्हिडिओ बघून एका शाळेचं लोण दुसरीकडे गेलं. काही ठिकाणी धक्काबुक्की झाली, काही मुलांना निलंबित केलं गेलं. त्यानंतर मोठ्या माणसांची चर्चा झाली ती बहुतेक शिस्तीवर आणि टिकटॉकवर. मुलं नेमकं काय मागत होती, त्यावर फार थोडं बोललं गेलं.

शाळांची बाजू मला कळते. तिच्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षिकांना भेटले तेव्हा त्यांनी ती न चिडता, नीट समजावून सांगितली. तासाच्या वेळी टॉयलेटमध्ये मुलं घोळक्याने जमतात, वेपिंग करतात म्हणजे ई-सिगारेट ओढतात, बेसिन फोडतात. लहान मुलांना तिथे गाठून त्रास दिला जातो, त्यामुळे काही मुलं सुट्टीतसुद्धा आत पाऊल टाकायला घाबरतात. आणि गणिताचा तास आला की ज्यांना हटकून लागते, ती मुलं कुठल्या शाळेत नसतात? यातलं काहीच खोटं नाही. तरीही मला त्या बाईंना सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलंही, की वेपिंग करणारी दहा मुलं सापडत नाहीत म्हणून हजार मुलांचं मूत्राशय ताब्यात घ्यायचं, हा उपाय नाही. राखण करायची तर स्वच्छतागृहाच्या दाराशी करा. बाहेर एक माणूस बसवा, हात धुवायची जागा व्हरांड्यातून दिसेल अशी उघडी ठेवा.

मुलांच्या मूत्राशयाचा एक ढोबळ हिशोब असतो: वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला साधारण 330 मिलिलिटर, एक मोठा पेला. दिवसात चार ते सात वेळा लघवीला जाणं हे निरोगी मुलाचं लक्षण आहे. रोज तासन् तास दाबून धरायची सवय लागली की मूत्राशय पूर्ण रिकामं होईनासं होतं, जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ जडतं. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे त्यांना संसर्गाचा धोका जास्त. इथे मुलांच्या मूत्राशयाच्या आणि आतड्यांच्या तक्रारींवर काम करणारी 'एरिक' नावाची संस्था आहे. मुलाला गरज लागेल तेव्हा जाता आलं पाहिजे, असं ती शाळांना सांगत आली आहे. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांचं तर बोलायलाच नको, साखर वाढली की त्यांना पुन्हा पुन्हा जावं लागतं.

मग मार्चमध्ये एका दुपारी लेक कमरेला स्वेटर बांधून घरी आली. पाळी तासातच सुरू झाली होती. तिने हात वर केला. शिक्षक म्हणाले, पंधरा मिनिटं राहिलीत, घंटा होईपर्यंत थांब. तीस मुलांसमोर, पुरुष शिक्षकाला, ती कारण कसं सांगणार? ती थांबली. इंग्लंडच्या सरकारी शाळांमध्ये 2020 च्या जानेवारीपासून सॅनिटरी पॅड मोफत मिळण्याची योजना आहे, तिच्या शाळेतही पॅडचा डबा आहे. तो त्या कुलपाच्या आत होता. रात्री स्कर्ट धुताना ती माझ्याशेजारी उभी राहून म्हणाली, "मी विचारायलाच नको होतं." ती चूक स्वतःची समजत होती, याचा मला फार त्रास झाला आणि अजूनही होतो.

या सगळ्यात माझं मन सारखं भारतातल्या शाळांकडे जातं. आपल्याकडचा वाद वेगळ्या टोकाला सुरू होतो. आपण अजून संडास मोजतोय, आणि मोजायलाच हवेत. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत शाळांमध्ये स्वच्छतागृहं बांधायला सांगितलं. 2014 च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून वर्षभराची मुदत दिली गेली, आणि वर्षाने 2 लाख 61 हजार शाळांत 4 लाख 17 हजार स्वच्छतागृहं झाल्याचं जाहीर झालं. पुढे केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी बांधलेल्यांची 'कॅग'ने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेने, पाहणी केली. बघितलेल्यांपैकी काही जागेवरच नव्हती, बांधलेल्यांतली 30 टक्के वापरात नव्हती, आणि 72 टक्क्यांच्या आत नळाला पाणी नव्हतं. ग्रामीण शाळांच्या 'असर' पाहणीत 2024 मध्ये मुलींचं वापरण्याजोगं स्वच्छतागृह सुमारे 72 टक्के शाळांत आढळलं. उरलेल्या शाळांमधल्या मुलींसमोर मी इथल्या कुलपाची तक्रार कुठल्या तोंडाने करू, असं मला पूर्वी वाटायचं.

आता वाटत नाही. केरळमध्ये 2019 साली शाळांनी दिवसातून काही वेळा 'पाण्याची घंटा' वाजवायला सुरुवात केली, कारण मुलं बाटल्या भरलेल्याच घरी नेत होती. ते वाचलं तेव्हा आमच्या ओट्यावरची बाटली डोळ्यांसमोर आली. तिकडे दार असून जावंसं वाटत नाही, इकडे जावंसं वाटतं तर दार बंद. पाणी न पिणारी मुलगी दोन्हीकडे एकच आहे.

कायद्यांचंही तसंच. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं लिहिलंय. इंग्लंडच्या 2012 च्या शाळा-इमारतींच्या नियमांत विद्यार्थ्यांसाठी योग्य स्वच्छतागृहं हवीत, आठ वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलामुलींची वेगळी हवीत, असं आहे. मूल तिथे कधी जाऊ शकेल, याबद्दल दोन्हीकडे अक्षर नाही. ती वेळ वर्गातल्या मोठ्या माणसाच्या मर्जीवर सोडली आहे. आपल्या कायद्याच्या सतराव्या कलमात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. ओल्या चड्डीत बसायला लागलेल्या पहिलीतल्या पोराला विचारा, हा छळ आहे की नाही.

माझी वहिनी महाराष्ट्रात एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते. तिच्याशी फोनवर हे बोलले तेव्हा ती आधी शिक्षकांच्याच बाजूने बोलली. "ताई, माझ्या वर्गात अठ्ठावन्न पोरं आहेत. एकाने करंगळी वर केली की मागोमाग चार करंगळ्या. बाई, एकीला जाऊ? बाई, एकीला जाऊ? तीस मिनिटांची तासिका, मी शिकवू कधी?" मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "आणि बदलापूरनंतर तर पोरीला एकटीला पाठवायची मलाच भीती वाटते."

त्यावर मला लगेच काही बोलता आलं नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले, ते स्वच्छतागृहातच. लोकांनी रेल्वे अडवली, शासनाने सीसीटीव्ही सक्तीचे केले. जुलै 2025 मध्ये शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून त्यांना तपासलं गेलं, मुख्याध्यापिकेला अटक झाली. अशा बातम्यांनंतर आईबापांना वाटतं, माझं मूल वर्गाबाहेर न पडलेलंच बरं. वहिनीच्या शाळेतही तोंडी हुकूम निघाला की मधल्या सुट्टीशिवाय कुणाला सोडायचं नाही. ही भीती मी खोडून काढणार नाही. पण त्या भीतीचा भार पुन्हा मुलींनीच पोटात दाबून ठेवायचा का? लहान मुलींसोबत जायला मावशी नेमायला हव्यात, आणि त्या मावशींना वेळेवर पगार द्यायला हवा. तो खर्च टाळण्यासाठी शाळा 'थांब' म्हणत असेल, तर त्याला मुलींची काळजी म्हणू नये.

एका गोष्टीवर माझं मत आता पक्कं झालं आहे. मुलाला खरंच लागली आहे की नाही, हे शिक्षकाने ठरवायचं नाही. त्याला ते ठरवता येणारच नाही, ते फक्त त्या मुलाला कळतं. एखादं मूल रोज एकाच तासाला जात असेल तर त्याच्याशी नंतर बोला, घरी कळवा, त्याला गणित अवघड जातंय का ते बघा. त्या क्षणी मात्र जाऊ द्या. चार मुलांनी फसवलं तर फसवलं. एका मुलीला तीस जणांसमोर रक्ताने भिजत बसवण्यापेक्षा ते केव्हाही परवडलं.

मला शाळेने शेवटी पास दिला. लाल रंगाचं कार्ड आहे. लेक ते वापरत नाही, कारण ते टेबलावर ठेवलं की सगळ्यांना कळतं.

वहिनीने मात्र जूनमध्ये शाळा उघडल्यावर वर्गाच्या दाराशी दोन खिळे ठोकले आणि त्यांना दोन लाकडी बिल्ले अडकवले, एक मुलांचा, एक मुलींचा. ज्याला जायचंय त्याने बिल्ला घ्यायचा, जायचं, आल्यावर परत अडकवायचा. विचारायचं नाही. मुलींना व्हरांड्यातल्या मावशी दिसतील एवढ्याच अंतरावर जायचंय. पहिल्या आठवड्यात बिल्ले खिळ्यावर टिकेनात, ती रडकुंडीला आली होती. तिसऱ्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "अगं, आज दुपारपर्यंत मुलींचा बिल्ला दोनदाच हलला." मुख्याध्यापकांनी अजून होकार दिलेला नाही, तासाला न सोडण्याचा हुकूमही मागे घेतलेला नाही. तिने खिळे काढलेले नाहीत. त्या दोन बिल्ल्यांचा फोटो मी मागवून घेतला आणि परवा इथल्या शाळेच्या व्यवस्थापन मंडळाला पत्रासोबत पाठवला.