नोकरी सोडून तीन वर्षांनी मिळालेला पगार

आमच्या घरात वडील होते तोवर पीएफ हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. वर्षातून एकदा त्यांची स्लिप यायची. ते ती दोनदा वाचायचे, पेन्सिलीने आकडे ताडून बघायचे आणि गोदरेजच्या कपाटात आईच्या पैठणीखाली ठेवून द्यायचे. पैठणी निदान लग्नाकार्याला तरी बाहेर निघायची.

त्यामुळे २०२४ च्या ऑगस्टमध्ये चिरंजीवांना इंजिनिअरिंगच्या सामायिक प्रवेशफेरीत (कॅप म्हणतात तिला) कॉम्प्युटर मिळालं, तेव्हा 'पीएफमधून काढू' हे वाक्य मी भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून म्हटलं. फी, होस्टेल, मेस, डिपॉझिट आणि 'डेव्हलपमेंट' (कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं) मिळून दोन लाख चाळीस हजार. मुदत चार दिवस.

"तुमचेच पैसे आहेत ना बाबा? मग काढा की," चिरंजीव मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले.

माझेच पैसे. पण तेव्हा ते काढायला कारण लागायचं, आणि ते आपलं आपण ठरवायचं नसायचं. पोर्टलवर फॉर्म ३१ उघडला की कारणांची यादी यायची, त्यातलं एक निवडायचं. आजारपण, घर, लग्न, शिक्षण. शिक्षण म्हणजे मुलामुलींचं, तेही मॅट्रिकनंतरचं. मॅट्रिक हा शब्द आता माझी आत्या आणि १९५२ ची पीएफ योजना, दोघीच वापरतात. लग्नाच्या बाबतीत मात्र कायद्याचं मन मोठं. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि चक्क स्वतःचंही लग्न चालतं. ही ओळ बायकोने माझ्याआधी वाचली.

"अहो, तुम्हाला अजून चान्स आहे," ती म्हणाली.

पुढची ओळ वाचून तिचा चेहरा उतरला. तेव्हाच्या नियमाने सभासदत्वाची सात वर्षं पूर्ण हवी होती, ती होती. मिळणार फक्त स्वतःच्या हिश्शातले निम्मे, कंपनीच्या हिश्शाला हात लावायचा नाही. आणि लग्न व शिक्षण मिळून आयुष्यात तीनच वेळा.

"इंजिनिअरिंग चार वर्षांचं," ती बोटं मोजू लागली. "तीन वर्षं यातून गेली तर शेवटचं वर्ष कशातून? आणि लग्न?"

"लग्न रजिस्टर करू," चिरंजीव म्हणाले. आईने त्यांच्याकडे जे पाहिलं, त्याला कुठल्याही फॉर्ममध्ये रकाना नाही.

माझ्या हिश्शाचे निम्मे म्हणजे दीड लाख. मी सत्तेचाळीस वर्षांचा. पीएफवर त्या वर्षी सव्वाआठ टक्के व्याज जाहीर झालं होतं. हाच दर टिकला असता तर अठ्ठावन्नाव्या वर्षी या दीड लाखाचे साडेतीन लाखांच्या वर झाले असते. हा हिशेब मी रात्री एक वाजता कॅल्क्युलेटरवर केला आणि मग झोप आली नाही म्हणून पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

पैसे अकराव्या दिवशी आले. तशी तक्रार नाही, वीस दिवसांची मुदत असते. पण फीची मुदत चारच दिवसांची, म्हणून मधल्या काळात मेहुण्याकडून हातउसने घेतले. त्याने एका शब्दात दिले आणि म्युच्युअल फंडांवर पाऊण तास बोलला. त्याच्या व्याजाची वसुली अशी आगाऊच होते.

नव्वद हजार अजून कमीच होते. तेव्हा बायको म्हणाली, "माझा पीएफ आहे की."

ती एका खासगी कंपनीत अकाउंट्सला होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये लागली आणि जून २०२१ मध्ये सोडली, कारण चिरंजीव दहावीत गेले होते. आमच्याकडे दहावी मुलाला होते आणि पथ्य सगळं घर पाळतं. केबल बंद झाली, माझं घोरणं मागच्या खोलीत गेलं आणि तिची नोकरी गेली. तिचे पैसे मात्र तिथेच पडून व्याज खात होते. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार झाले होते.

काढायला गेलो तर पॅन जुळेना. दोष माझाच. आमच्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची हौस मला होती, आणि मी नुसतं आडनाव नाही, पाळण्यातलं नावही बदललं. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे पॅनवर माहेरची मुलगी, आधारवर सासरची सून आणि बँकेत या दोघींच्या मधली कुणीतरी. पीएफ आधारप्रमाणे होता. पॅन न जोडता काढले तर दहाऐवजी वीस टक्के कापतात, म्हणून आधी पॅन दुरुस्त केलं. त्यात महिना गेला. त्या महिन्यात बायकोने मला तीन वेळा विचारलं, "ते तांदूळ जपून ठेवलेत का? पुरावा म्हणून लागतील."

मग सगळे पैसे काढायचा फॉर्म १९. भरताना एका ठिकाणी '१५जी' जोडायची सोय होती, पण ते सक्तीचं नव्हतं. जे वैकल्पिक असतं ते सोडून द्यायचं, ही माझी शाळेपासूनची शिस्त. इतिहासाचे पेपर मी असेच काढले. मी पुढे गेलो. डिसेंबरात तिच्या खात्यात एक लाख एकोणसत्तर हजार दोनशे आले. अठरा हजार आठशे वाटेत उतरले होते.

"तुमचं शिक्षण झालं तेव्हा शाळेत कुणी दहावी पाळली नव्हती वाटतं," बायको म्हणाली.

मेहुण्याचे नव्वद हजार त्याच दिवशी परत केले. मग माझ्या सीए मित्राला फोन केला. तो चहाला आला, पोहे खाल्ले आणि विचारलं, "वहिनी, नोकरी किती वर्षं?"

"चार वर्षं आठ महिने."

त्याने चमचा खाली ठेवला. "अजून चार महिने काढले असते तर ही भानगडच नव्हती. सलग पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र. पन्नास हजार किंवा त्याच्या वर असेल तर दहा टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापलेला कर."

"याच्या दहावीसाठी सोडली."

"आजारपणामुळे सोडली असती तर माफ होतं."

"घरात दहावीचा मुलगा हे आजारपण नाही?"

"स्वतःचं आजारपण लागतं. किंवा कंपनी बंद पडायला हवी."

"पडायलाच आली होती," बायको म्हणाली. "मी सोडली म्हणून वाचली."

मग त्याने कागदावर डबा काढला. चार कप्प्यांचा, शाळेत नेतात तसा. पहिल्या कप्प्यात तिने भरलेले पैसे. त्यावर तसा कर नाही, पण भरताना ८०सीची, म्हणजे बचतीवरची करवजावट घेतली असेल तर ती परत उकरायची, वर्षावर्षाप्रमाणे. दुसऱ्यात कंपनीने भरलेले आणि तिसऱ्यात त्यावरचं व्याज. हे दोन्ही पगार. चौथ्यात तिच्या पैशावरचं व्याज, ते इतर उत्पन्न. शिवाय नोकरी सोडल्यानंतर साचलेलं व्याज पाच वर्षं पूर्ण असती तरी करातून सुटलं नसतंच.

"पगार?" बायको थबकली. "मी नोकरी सोडून तीन वर्षं झाली."

"तरी पगारच."

"म्हणजे त्या ऑफिसात दर महिन्याला सव्वीस तारखेपर्यंत वाट बघायला लावायचे, ते कमीच होतं. यावेळी तीन वर्षं लावली."

मी विचारलं, "मग कर किती?"

"शून्य," मित्र म्हणाला. "वहिनींना दुसरं उत्पन्नच नाही. तीन लाखांच्या आत सगळं बसतंय. १५जी, म्हणजे 'मला कर लागत नाही, कापू नका' असा फॉर्म, जोडला असतास तर एक पैसा कापला नसता." आणि उरलेले पोहे संपवले.

जे पैसे द्यायचेच नव्हते ते मी देऊन बसलो होतो आणि आता ते परत मागायला रिटर्न भरायचं होतं. २०२५ मध्ये रिटर्नची मुदत जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली, म्हणून मी निवांत होतो. बायको नव्हती. तिने जुन्या ऑफिसच्या स्लिपा काढल्या (त्याही पैठणीखालीच होत्या, हे मला तेव्हा कळलं), एका वहीवर डब्याचे चार कप्पे आखले आणि मित्राला फोनवरून आकडे सांगितले. तिघांत एकच अकाउंटंट होता आणि तो पोहे खाणारा नव्हता. बारा सप्टेंबरला रिटर्न गेलं.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तिच्या फोनवर मेसेज आला. अठरा हजार आठशे, आणि वर सहाशे अठ्ठावन्न.

"हे सहाशे अठ्ठावन्न कसले?"

मित्राला विचारलं. परताव्यावर सरकार महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, एप्रिलपासूनचे सात महिने झाले.

"चला, काहीतरी मिळालं," मी म्हटलं.

"मिळालं ना," तो म्हणाला. "जपून ठेव तो आकडा. परताव्यावरचं व्याज करपात्र असतं. पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचं."

बायकोने वही उघडली, चौथ्या कप्प्याच्या शेजारी पाचवा आखला आणि त्यात ६५८ लिहिलं. चिरंजीव आतून ओरडले, "आई, सेकंड इयरची फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे."