कूल-डाऊन कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप असा, की 'धावून झाल्यावर दहा मिनिटं चालत राहा' हा सल्ला जुनाट आहे. कूल-डाऊनने, म्हणजे असं हळूहळू थांबण्याने, स्नायूंतलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत, ही समजूत खोटी ठरली आहे. शिवाय जागच्या जागी थांबलं तर घड्याळात नाडी उलट लवकर उतरलेली दिसते.

पायदुखीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. लॅक्टेट (म्हणजे तुम्ही म्हणता ते लॅक्टिक ॲसिड) नुसतं बसून राहिलं तरी तास-दीड तासात ओसरतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. पण चालायला सांगितलं ते त्यासाठी नाहीच, ते रक्ताभिसरणासाठी.

विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फेकतं, त्यातलं जेमतेम लिटरभर स्नायूंकडे जातं. जोरात धावताना हृदयाचा हा आकडा 20 लिटरच्या आसपास पोचतो आणि त्यातले 80 टक्के स्नायूच घेतात. पायांत उतरलेलं एवढं रक्त परत वर चढवण्यात पोटरीचा वाटा मोठा. प्रत्येक पावलाला ती आवळते, आतल्या नीला (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या) दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि नीलांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. तुम्ही एकदम थांबलात की हा पंप त्याच क्षणी बंद पडतो. रक्तवाहिन्या मात्र आणखी काही मिनिटं सताड उघड्या असतात. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी येतं, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हाळ्यात त्वचेकडेही भरपूर रक्त वळलेलं असल्यामुळे हे अधिक घडतं. धावून आल्या आल्या कढत पाण्याने आंघोळ नको, तीही याचसाठी.

आता घड्याळ. ते नाडी दाखवतं, रक्तदाब नाही. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरणं हे चांगलंच लक्षण, पण भोवळ येते तेव्हा नाडी आणि रक्तदाब दोन्ही एकदम कोसळू शकतात. निव्वळ त्या आकड्यावर विसंबू नका.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत कोसळणारे बहुतेक जण शेवटची रेषा ओलांडल्यावर कोसळतात. ओठ पांढरे, घाम गार, जांभया. आणि मित्र दोन्ही दंड धरून अशा माणसाला उभंच ठेवतात. नेमकं हेच करू नये. आडवं करा, पाय हातभर वर उचला. बहुधा दोन-तीन मिनिटांत माणूस नीट बोलू लागतो. तसं झालं नाही, किंवा तो धावता धावताच पडला असेल, तर मात्र हृदयविकार किंवा उष्माघात गृहीत धरून लगेच 108 ला फोन करा. शुद्ध नसेल आणि श्वासही नीट चालत नसेल, तर तिथेच छाती दाबायला सुरुवात करा.

दहा मिनिटं ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. दोन मिनिटं हळू धावा, मग दम न लागता सलग दोन वाक्यं बोलता येईपर्यंत चाला. सिग्नलला थांबावं लागलं तर टाचा वर-खाली करत राहा. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी गोळ्या चालू असतील तर यात टाळाटाळ नको, कारण त्यांतल्या काहींमुळे उभं राहिल्यावर दाब आणखी उतरतो. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्यांची नाडी मुळातच फारशी चढत नाही; त्यांनी घड्याळाऐवजी बोलण्याचीच खूण धरावी.