नाणं चुकलंय की ठेचलंय?

गेल्या आठवड्यात एका मित्राने नाण्याचा फोटो पाठवला. खाली एवढंच: "किती लाख येतील?" सालाचे आकडे दुहेरी दिसत होते आणि अशा नाण्यांना लाखो रुपये मिळतात असं सांगणारा एक व्हिडिओ त्याने आदल्या रात्री पाहिला होता. भिंगाखाली धरून जवळून फोटो काढायला सांगितलं. दुसरा आकडा पहिल्याला चिकटून, पायरीसारखा चपटा, उठाव काही नाही. म्हणजे ठोका पडताना साचा जरा हलला आणि धातू घसटला गेला. याला मशीन डबलिंग म्हणतात. किंमत नाण्यावर लिहिलीय तेवढीच. मित्र दोन दिवस बोलला नाही.

खरं 'डबल्ड डाय' निराळं. तिथे चूक साच्यातच बसलेली असते. पूर्वी साच्यावर नक्षी एका दाबात पुरती उठायची नाही, म्हणून मूळ ठसा पुन्हा पुन्हा दाबावा लागे. मधल्या वेळात साचा केसभर फिरला की एका नक्षीवर दुसरी बसली, आणि मग त्या साच्यातून पडणारं प्रत्येक नाणं तसंच. यात दोन्ही आकडे गोलसर, भरीव असतात, अक्षरांची टोकं दुभंगलेली दिसतात. 1955 चा अमेरिकन सेंट याचा राजा. चूक फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत लक्षात आली होती, पण तोवर ती नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. सगळा ढीग वितळवण्यापेक्षा जाऊ दे म्हटलं, आणि वीसेक हजार नाणी लोकांच्या खिशात पोचली.

माझं स्पष्ट मत आहे: लाखांचे व्हिडिओ बघण्याआधी नाणं कसं बनतं ते एकदा बघा. चकती कापतात, तिची कड उचलतात, मग दोन साच्यांमध्ये ठोकतात. समोरची खोड यातल्या कुठल्या पायरीवर झाली असेल, हे सांगता आलं नाही तर ती बहुधा टांकसाळीबाहेरची, म्हणजे हातोडी, अ‍ॅसिड नाहीतर रस्त्यावरच्या चाकाची करामत. दोन्हीकडे छापाच असलेलं नाणं तर जवळपास नेहमीच जादूगाराचं. दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली, आतल्या कडेला बारीक सांधा सापडतो.

मला स्वतःला आवडते ती कापलेली चकती. धातूची पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की आधीच्या भोकावरच पुन्हा घाव पडतो आणि नाण्याला चंद्रकोरीएवढी खोबण येते. गंमत पुढे आहे. कड उचलणारं यंत्र चकतीला दोन्ही बाजूंनी दाबतं. एका बाजूला धातूच नसेल, तर बरोबर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही आणि तिथली पाळी, म्हणजे उचललेली कड, पुसट राहते. कानशीने खोबण पाडणाऱ्याला हे सहसा सुचत नाही.

कधीकधी भिंगही लागत नाही. 1943 मध्ये युद्धासाठी तांबं वाचवायला अमेरिकेने सेंट पोलादाचे काढले, मात्र तांब्याच्या काही जुन्या चकत्या यंत्रात राहून गेल्या. ते मोजके सेंट फार मोलाचे. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन फसवणारे पुष्कळ, पण असे नकली सेंट चुंबकाला लगेच चिकटतात.

आता किमतीचं. विक्रेत्याने मागितलेली रक्कम म्हणजे किंमत नव्हे, प्रत्यक्ष विकलं गेलं तो आकडा बघायचा. 2008 मध्ये ब्रिटनने 20 पेन्सची नक्षी बदलली, साल मागून पुढच्या बाजूला नेलं. नव्या मागच्या साच्याला चुकून जुना पुढचा साचा जोडला गेला आणि बिनसालाची नाणी बाहेर पडली. बातमी फुटताच हजारो पौंड मागणारे उगवले. अंदाज होता 50,000 ते 2,00,000 नाण्यांचा, मग दुर्मीळ कसलं? व्यवहार साधारण 50 ते 100 पौंडांतच होतात. याउलट, नक्षी निम्मी सरकलेली आणि तरी साल पूर्ण दिसणारं नाणं शांतपणे चांगला भाव घेतं. आणि कृपा करून घासून चकचकीत करू नका! संग्राहक पहिल्या नजरेत ओळखतो आणि भाव तिथेच पडतो.

काल मित्राचा पुन्हा फोटो आला. कडेचा तुकडा गेलेलं नाणं, यावेळी लाखांची विचारणा नाही. मी समोरच्या पाळीचा फोटो मागितलाय.