पृथ्वी आडवी येते म्हणे विमानाला!

आमच्या पेठेतल्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. मुंबई–न्यूयॉर्क विमानाबद्दल त्यात तीन दावे आहेत: तिकीट वाढवायला विमान मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालून नेतात, पृथ्वी फिरते म्हणून जाताना वेळ जास्त लागतो, आणि प्रवास खरा साडेपाच तासांचाच असतो. खाली ‘हे शाळेत शिकवत नाहीत’. शिकवतात की. आपण मागच्या बाकावर होतो.

वळशाचं आधी बघू. नकाशावर पट्टी ठेवली की रेघ अरबस्तान, इजिप्तवरून जाते. आता पोरांचा पृथ्वीगोल घ्या आणि हातभर सूत. सोलापुरात सुताला काय तोटा! मी ते मुद्दाम इजिप्तवरून धरलं. ताणल्याबरोबर सरकत सरकत रशियाकडे गेलं आणि चिमटीत दोन बोटं सूत सैल उरलं. ती दोन बोटं म्हणजे साधारण 1,700 किलोमीटर: वरून 12,500, पट्टीच्या रेघेनं 14,200. वळसा कधी पडतो, हे खरं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पडलाच. पण त्यात कंपनीचंच इंधन जास्त जळतं.

पृथ्वी फिरण्याचा मुद्दा तर उलटाच पडतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. ती विमानाखालून निसटत असती, तर पश्चिमेला जाणाऱ्याकडे न्यूयॉर्क स्वतःच चालत आलं असतं! सोलापूरची जमीन ताशी 1,590 किलोमीटर वेगानं पूर्वेला जातेय. होटगी रोडवर हेलिकॉप्टर तासभर हवेत थांबवलं, तर ते ओमानच्या अलीकडे अरबी समुद्रावर सापडायला हवं. सापडत नाही, कारण हवाही जमिनीबरोबर फिरते. धावत्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चहावाला इंजिनाकडे जावो की गार्डाकडे, पावलं तेवढीच पडतात.

मग जाता-येता फरक का? वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जेट प्रवाह वाहतो, कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. येताना तो पाठीशी असतो. एअर इंडियानं 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे वारा पाठीशी घेऊन, न्यायला घेतलं. अंतर 13,900 वरून 15,300 किलोमीटरवर गेलं, तरी वेळ सुमारे दोन तासांनी वाचला.

राहिले साडेपाच तास. रात्री दीडला निघालेलं विमान सकाळी सातला उतरलं, एवढंच मेसेजवाल्यानं पाहिलं. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मिळवा: सोळा. लांब कशाला, देशभर घड्याळ एकच असल्यानं आपल्या सोलापुरातही सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी 12 वाजून 26 मिनिटं झालेली असतात.