कंबर नेमकी कुठे असते?

‘जेवणात काय काय घेता?’ असे डॉक्टरांनी विचारले की सोलापूरचा माणूस भाकरी, भाजी, आमटी सगळे सांगतो आणि शेंगाचटणी वगळतो; कारण ती खाण्याचा पदार्थ आहे असे त्याला मुळात वाटतच नाही. माझ्याही यादीत ती नव्हती. ती शेजारच्या खुर्चीवरून सौभाग्यवतींनी भरली, आणि ‘वरून तेल घेऊन’ हा तपशीलही आपणहून जोडला.

मला त्याची फिकीर नव्हती, कारण माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २३ च्या आत होता. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे गणित बेल्जियमच्या केतले या विद्वानाने एकोणिसाव्या शतकात मांडले आणि त्याला आजचे नाव अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. ६६ किलो आणि १७० सेंटिमीटर एवढ्या भांडवलावर मी भारतीयांसाठी ठरवलेल्या कडक मर्यादेतही बसत होतो, आणि घरातील जाड मंडळींना अधूनमधून उपदेश करण्याचा परवानाही मला त्यातूनच मिळाला होता.

डॉक्टरांनी मात्र काट्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी खणातून टेप काढली. कंबर म्हणजे पँटचा पट्टा बसतो ती जागा, ही माझी समजूत त्यांना मान्य नव्हती. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधोमध टेप धरायची, आणि माप घ्यायचे ते श्वास सहज सोडून झाल्यावर. मी तो आत ओढून धरला होता. डॉक्टर टेप धरून शांतपणे थांबले. माणूस किती वेळ तग धरतो याचा त्यांना दांडगा अनुभव असावा. अखेर मी श्वास सोडला आणि आकडा आला ९६. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा आहे ९० सेंटिमीटरची.

मी नवी पेठेतील माझ्या शिंप्याचा दाखला दिला. तो वर्षानुवर्षे ३४ इंच लिहून घेतो आणि दरवेळी म्हणतो, “सर, तुमचं माप जरा पण हललं नाही की ओ.” माप हललेले नाही हे खरेच आहे, कारण पोट जसजसे पुढे येत गेले तसतशी त्याची टेप अदबीने खाली सरकत गेली. गिऱ्हाईक राखणे हा त्याचा व्यवसाय आहे आणि मला त्याचे मोजमाप अजूनही अधिक सुसंस्कृत वाटते.

त्यावर डॉक्टरांनी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्या प्रसिद्ध छायाचित्राची गोष्ट सांगितली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आलेल्या त्या छायाचित्रातील दोघांचाही बीएमआय २२.३ होता; मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काटकुळे राहतात, स्नायू कमी असतात आणि चरबी पोटात, यकृताच्या आसपास जाऊन बसते. तेथे ती नुसती बसून राहिली असती तर माझी हरकत नव्हती. पण ती इन्शुलिनच्या कामात खोडा घालते, आणि मधुमेह व रक्तदाब यांची वाट तेथून मोकळी होते.

मग जमाखर्च निघाला. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, पिष्ट पदार्थांत व प्रथिनांत ४. शेंगदाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे. म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत सुमारे १७० कॅलरी, ज्या जिरवायला माझ्या वजनाच्या माणसाने साधारण चार किलोमीटर चालावे. आता सोलापुरात चटणी ३० ग्रॅमवर थांबवणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा पाहुणा. तरीही सगळे खापर चटणीवर फोडणे मला मान्य नाही. दाण्यात चौथा हिस्सा प्रथिने असतात आणि संध्याकाळच्या फरसाणाची बाजू घ्यायला तेवढेही कारण सापडत नाही.

उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, सकाळी सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात चालून आलो की काटा पाऊण किलो कमी दाखवी. माठातले दोन तांबे पाणी प्यायले की तो पूर्ववत होई, कारण गेला होता तो घाम. उपाशी राहण्यासही डॉक्टरांनी मनाई केली; उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि माझ्याकडे ते झडण्याइतके नव्हतेच. म्हणून मी खुर्चीवरून हात न टेकता उठतो-बसतो, भरलेल्या बादल्या उचलतो, ताटात मटकीची उसळ वाढवून घेतो आणि चटणीला तेलाऐवजी दही लावतो, जे आमच्या गल्लीत धर्मांतरासारखे चर्चिले गेले.

काही महिन्यांनी टेप ९३ वर आली आणि वजन अर्ध्या किलोने वाढले. डॉक्टर खूश झाले. घरी सौभाग्यवतींनी फक्त वजनाचा आकडा ऐकला आणि फरसाणाचा डबा माळ्यावर चढवला. आत्याबाईंनी मात्र माझे दंड चाचपून “आता कुठं अंगावर मांस दिसायलंय” असे म्हणत शेंगापोळीवर तुपाची धार धरली.